थंडीची बेगमी आणि धुराची वाट

ऋतू पालटण्यापूर्वी घर सावरून घ्यावे, हे शहाणपण माणसाला कोणी शिकवावे लागले नाही. आपल्याकडे ते पावसाळ्याच्या तोंडावर दिसते. कोकणात मृग लागायच्या आधी आगोटीची धांदल उडते. छप्पर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, पडवीला झावळ्यांच्या झडपा बांधायच्या, लाकूडफाटा फोडून कोरड्या जागी रचायचा, मीठ-मिरची, सुकी मासळी, सांडगे-पापड यांची बेगमी करायची. एकदा पावसाने धरले की चार महिने बाहेरच्या जगाचा भरवसा नाही, ही त्यामागची भावना. थंडी मात्र आपल्याकडे पाहुणीसारखी येते. निफाडकडे किंवा महाबळेश्वरात पारा उतरला म्हणजे त्याची बातमी होते. एरवी एक गोधडी, अंगणातली शेकोटी आणि बाजरीची ऊन ऊन भाकरी एवढ्यावर तिची बोळवण होते.

उत्तर युरोपात गोष्ट निराळी. तेथे थंडी पाहुणी नाही. ती वेढा घालून बसणारी फौज आहे. डिसेंबरात लंडनला दिवसाचा उजेड आठ तासही पुरता मिळत नाही. शेत गोठलेले, झाड उघडे, रस्ता चिखलाचा नाही तर बर्फाचा. अशा वेळी घर हाच किल्ला, आणि किल्ल्याची शिबंदी म्हणजे सरपण. तेव्हा या लोकांनी आपली घरे थंडीसाठी कशी सज्ज केली, हा प्रश्न सहज मनात येतो. वर्गात हा प्रश्न टाकला की विद्यार्थी चटकन उत्तर देतात, ‘आग पेटवली असेल, दुसरे काय?’ उत्तर खरे आहे, पण अर्धे. आग पेटवणे सोपे असते. अवघड असते ते धुराचे. आगीला घरात घ्यायचे म्हणजे धुरालाही घ्यावे लागते. धुराला बाहेर काढावे, तर त्याच्या पाठोपाठ ऊबही निघून जाते. या एका पेचातून सुटण्याची दोन हजार वर्षांची खटपट म्हणजे थंड देशांतील घराचा इतिहास. वाचकहो, तो इतिहास, विशेषतः इंग्लंडमधला, आज आपण थोडक्यात पाहू. आणि प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारू : धूर गेला, तो कोठे गेला?

आधी तयारीचे बोलू. थंडीची तयारी थंडीत करून भागत नाही. ओले लाकूड जळते कमी आणि धुमसते फार. म्हणून यंदाच्या हिवाळ्याचे सरपण निदान वर्षभर आधी तोडून, फोडून, वारा लागेल असे रचून ठेवावे लागे. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या ज्या भागांत झाडे विरळ, तेथे दलदलीतली ‘पीट’ नावाची काळी, तंतुमय माती जाळीत. तिचे विटांसारखे तुकडे वसंताच्या अखेरीस कापायचे, उन्हाळाभर उलटसुलट करून वाळवायचे आणि घराशेजारी त्यांची गंजी रचायची. आपल्या शेणींचा हुडवा ज्याने पाहिला आहे, त्याला हे चित्र परके वाटणार नाही. २९ सप्टेंबरला सेंट मायकेलचा सण आला, की शेतकी वर्षाचा हिशेब मिटे. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा दिवस. त्या सुमारास, ज्या जनावरांना हिवाळाभर पुरेल इतकी वैरण नाही ती कापून त्यांचे मांस मिठात घालीत. जुन्या इंग्रजीत नोव्हेंबरला ‘रक्ताचा महिना’ असेच नाव होते. तिकडे रशियात ओंडक्यांच्या भिंतींच्या फटींत शेवाळ ठासून भरीत. पुढच्या काळात खिडक्यांना शरद ऋतूत दुसरी तावदाने बसवून दोहोंच्या मध्ये कापूस घालण्याची चाल पडली. घराला जणू रजईच शिवायची!

म्हणजे पाहा, थंडीच्या तयारीत निम्मे काम आगीचे आणि निम्मे फटी बुजवण्याचे. पण येथेच तो पेच उभा राहतो. फटी बुजवल्या तर धूर कोंडतो. फटी ठेवल्या तर वारा शिरतो.

हा पेच प्रथम अतिशय सुंदर रीतीने सोडविला तो रोमन लोकांनी. श्रीमंतांच्या वाड्यांत आणि सार्वजनिक स्नानगृहांत त्यांनी खोलीची जमीनच अधांतरी केली. सुमारे दोन फूट उंचीचे विटांचे आखूड खांब ओळीने उभे करायचे, त्यांवर फरशी घालायची, आणि बाहेरच्या बाजूला असलेल्या भट्टीतला तापलेला वायू त्या पोकळीतून खेळवायचा. पुढे तो भिंतीत बसविलेल्या पोकळ विटांतून वर जाई. खोलीत ना ज्वाळा ना धूर. पायांखालची जमीन मात्र उबदार. व्हिट्रूव्हियस या रोमन स्थापत्यकाराने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात हिची रचना लिहून ठेवली आहे. ब्रिटनच्या थंडीतही रोमन अंमलदारांनी अशा खोल्या बांधल्या. त्यांचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. परंतु त्या भट्टीच्या तोंडाशी बसून रात्रंदिवस लाकूड कोंबणारा कोण? बहुधा गुलाम. धूर मालकाच्या खोलीतून गेला, तो गुलामाच्या डोळ्यांत गेला. पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन सत्ता ब्रिटनमधून उठली. तो वैभवाचा डोलारा, ती लाकडाची रसद आणि ते सेवक नाहीसे झाले, आणि त्यांच्याबरोबर ही विद्याही त्या बेटावरून लोपली.

यानंतर जवळजवळ हजार वर्षे इंग्लंडमधला सामान्य माणूस, आणि पुष्कळसे सरदारही, एका मोठ्या दालनात राहिले. दालनाच्या मधोमध जमिनीवर चूल. धूर वर आढ्याकडे जाई आणि छपरातल्या झरोक्यातून सवडीने बाहेर पडे. केंट परगण्यात पेन्सहर्स्ट येथे १३४१ साली बांधलेले असे एक दालन उभे आहे. त्याच्या मध्यभागी ती अष्टकोनी चूल अजून शाबूत आहे. त्या दालनात मालक, चाकर, मुले, कुत्री सगळी एकाच आगीभोवती. जेवण तेथेच, आणि पुष्कळांची झोपही तेथेच. धूर वर तरंगतो म्हणून माणसाने खाली बसायचे, हा नियम. या घराला माडी घालणे कठीण, कारण वरचा मजला म्हणजे धुराचेच बिऱ्हाड!

त्या काळच्या दोन खुणा शब्दांत उरल्या आहेत. आपल्याकडे दंगाधोपा झाला की ‘कर्फ्यू’ लागतो. हा शब्द मूळचा फ्रेंच, आणि त्याचा सरळ अर्थ ‘विस्तव झाका’. रात्री घंटा झाली की चुलीतले निखारे राखेखाली लोटून वर झाकण घालायचे, म्हणजे लाकडी गाव आगीपासून वाचे आणि सकाळी फुंकर घातली की विस्तव तयार. आपल्या आज्या-पणज्या निखारा राखेत जपून ठेवीत, त्यातलाच हा प्रकार. दुसरी खूण ‘विंडो’ या शब्दाची. जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’ असा आहे. आपल्याकडे ‘गवाक्ष’ म्हणजे गाईचा डोळा. दोन्हीकडे डोळाच, पण आपल्या डोळ्यातून झुळूक यावी अशी इच्छा, आणि त्यांच्या डोळ्यातून वारा शिरतो ही तक्रार! त्या डोळ्याला लाकडी झडप किंवा तेल पाजलेले कापड लावीत. झडप बंद केली की ऊब राहते, पण अंधार होतो. काच इतकी महाग, की सोळाव्या शतकातही काही उमराव दुसऱ्या गढीवर जाताना खिडक्यांच्या काचा काढून जपून ठेवीत असत.

मग आले धुराडे. भिंतीला लागून चूल घ्यायची आणि तिच्यावर दगड-विटांची उभी नळी थेट छपरापार न्यायची, ही युक्ती किल्ल्यांतून बाराव्या शतकापासून दिसते; पण सामान्य शेतकऱ्याच्या घरी ती पोहोचली सोळाव्या शतकात. या बदलाचा एक मोठा रसाळ साक्षीदार आपल्याला लाभला आहे. एसेक्समधील रॅडविंटर गावचा धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन याने १५७७ साली इंग्लंडचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात तो लिहितो, की आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत तीन गोष्टी नवलाच्या वाटतात : एक, जिकडेतिकडे उभी राहिलेली धुराडी, दुसरी, गवताच्या अंथरुणाऐवजी आलेली गादी-उशी, आणि तिसरी, लाकडी ताटांच्या जागी आलेली धातूची भांडी. गंमत अशी, की जुन्या माणसांचा धुराबद्दल मुळीच वाईट ग्रह नव्हता. धुराने घराचे लाकूड टणक होते आणि माणसांना सर्दी-पडसे होत नाही, असे ती समजत. यातला पहिला भाग अगदीच खोटा नाही. आपल्याकडेही चुलीवरच्या माळ्यावर बी-बियाणे धुरात टांगून ठेवतात, कीड लागू नये म्हणून. दुसरा भाग मात्र माणसाच्या छातीने कधी मान्य केला नसावा.

धुराड्याने घराचे रूपच पालटले. धूर नळीतून गेल्यामुळे दालनावर माडी घालता आली. माडीवर निजायच्या खोल्या झाल्या, आणि प्रत्येक खोलीला वेगळी आग ठेवता येऊ लागली. एका चुलीभोवती बसणारे घर चार चुलींभोवती वाटले गेले. मालक वर गेला, चाकर खाली राहिला. इतिहासकार ज्याला खाजगी आयुष्य म्हणतात, त्याचा बराचसा पाया या विटांच्या नळीने घातला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पण तोटाही झाला. मधोमध जळणारी चूल आपली सारी ऊब घरातच टाकी. भिंतीतली चूल ती बहुतांश आकाशाला देई. शिवाय वर जाणारी गरम हवा खोलीतली हवा ओढून घेई, आणि तिची जागा भरायला दाराखालच्या फटीतून गार वारा शिरे. आगीपुढे बसणाऱ्याचे तोंड भाजावे आणि पाठ गारठावी, अशी अवस्था. म्हणून मग उंच पाठीचे बाक आले, पलंगाला चहूबाजूंनी पडदे आले, भिंतींना जाड विणकामाचे पट लटकू लागले, आणि निजण्यापूर्वी निखारे भरलेले लांब दांड्याचे तांब्या-पितळेचे भांडे अंथरुणातून फिरवण्याची चाल पडली. विलायती दिवाणखान्याचे हे सामान आपण शोभेचे समजतो. मुळात ती वाऱ्याविरुद्धची तटबंदी होती.

आता जळणाकडे वळू. लंडन वाढत चालले, भोवतालचे लाकूड महागले, आणि लोक दगडी कोळशाकडे वळले. न्यूकॅसलच्या बाजूचा कोळसा समुद्रमार्गे येई, म्हणून त्याला ‘समुद्री कोळसा’ म्हणत. त्याचा धूर उग्र, गंधकाचा. चौदाव्या शतकाच्या अगदी प्रारंभी पहिल्या एडवर्ड राजाने लंडनात त्याच्या वापराला बंदी केली होती. पण थंडीपुढे फर्मान टिकत नाही. धुराडी झाल्यावर तर कोळसा घरोघर शिरला. लाकूड असेपर्यंत धूर गावाला सोसत होता. कोळशाने तो शहराच्या माथ्यावर साचू लागला. १६६१ साली जॉन एव्हलिन या विद्वान गृहस्थाने दुसऱ्या चार्ल्स राजाला उद्देशून ‘फ्यूमिफ्यूजियम’ नावाची पुस्तिकाच लिहिली. धूर करणारे कारखाने नगराबाहेर न्यावेत आणि शहराभोवती सुगंधी झाडे लावावीत, ही त्याची सूचना. राजाने ती ऐकून घेतली, पण पुढे काही घडले नाही.

लंडन या कोळशावर किती अवलंबून होते, हे यादवी युद्धात कळून आले. १६४३ च्या आरंभी पार्लमेंटच्या पक्षाने राजपक्षाच्या ताब्यातील न्यूकॅसलशी व्यापार बंद केला, आणि १६४४ च्या ऑक्टोबरात ते शहर जिंकले जाईपर्यंत राजधानीचा कोळसा आटला. गारठलेल्या लोकांनी झाडे तोडली. सर्वांत अधिक हाल अर्थातच गरिबांचे. सरपण ही गरिबाची नेहमीच दुखरी बाजू राहिली आहे. खेड्यांतल्या सामाईक रानातून वाळकी लाकडे किंवा पीट आणण्याचा हक्क पुष्कळ कुटुंबांना वंशपरंपरा होता; पुढे त्या जमिनींना कुंपणे पडली, तेव्हा चराईबरोबर हा हक्कही गेला. हिवाळ्याची बेगमी जी हाताने करता येत होती, ती आता पैशाने करावी लागली.

चूल दिसली की तीवर कर बसवावा, हे राज्यकर्त्यांना सुचल्यावाचून कसे राहील? १६६२ साली इंग्लंडात चूलपट्टी सुरू झाली. घरात जितक्या चुली आणि शेकोट्या, तितके वर्षाला दोन दोन शिलिंग, दोन हप्त्यांत. अगदी गरीब घरांना सूट होती. पण चुली मोजायला कारकून थेट माजघरात शिरे, आणि याचा लोकांना भारी संताप. कर चुकविण्याच्या युक्त्याही निघाल्या. ऑक्सफर्डशायरमध्ये चर्चिल नावाच्या गावी १६८४ साली मोठी आग लागली. एका भटारणीने आपल्या भट्टीचा धूर भिंत फोडून शेजाऱ्याच्या धुराड्यात सोडला होता, त्यातून ती पेटली, अशी हकीकत सांगतात. शेजाऱ्याच्या नळीत आपला धूर सोडणे ही माणसाची खोड किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात यावे! याच १६८३-८४ च्या हिवाळ्यात लंडनची टेम्स नदी इतकी गोठली की तीवर दुकाने मांडून जत्रा भरली. अशा थंडीत चुलीवर कर म्हणजे जखमेवर मीठच. १६८९ साली विल्यम आणि मेरी गादीवर येताच चूलपट्टी रद्द झाली. मात्र लगेच १६९६ साली खिडक्यांवर कर बसला आणि तो १८५१ पर्यंत टिकला. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. थंडी अडली खरी, पण उजेड आणि मोकळी हवाही अडली.

अठराव्या शतकात शास्त्रज्ञ या प्रश्नाला भिडले. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७४४ साली आपल्या लोखंडी शेगडीची माहितीपुस्तिका छापली, आणि तिचा पेटंट-हक्क देऊ केला असता लोकहितासाठी तो नाकारला. स्वीडनमध्ये लाकडाची टंचाई होती. तेथे १७६७ साली क्रोनस्टेट आणि व्रेडे या दोघांनी कौलारी शेगडीत धुराची नळी खालीवर अशी वळवली, की धूर बाहेर पडण्याआधी आपली उष्णता विटांना देऊन टाकी. सकाळी थोडे लाकूड जाळावे आणि दिवसभर त्या विटांनी खोली उबदार ठेवावी, असा तो हिशेब. रशियातील खेडुतांची विटांची अवाढव्य भट्टी याच जातीची. तिच्या माथ्यावर घरातली म्हातारी माणसे आणि मुले निजत. कोरियात तर स्वयंपाकघरातील चुलीचा धूर जमिनीखालच्या दगडी नळ्यांतून खेळवून मग पलीकडे सोडण्याची ‘ओन्दोल’ नावाची पद्धत फार प्राचीन आहे : भातही शिजला आणि अंथरूणही तापले. काटकसर शिकावी तर या लोकांकडून.

इंग्रजाला मात्र ज्वाळा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ऊब आल्यासारखे वाटत नसे. त्याने आग झाकली नाही. तेव्हा काउंट रम्फर्ड या अमेरिकेत जन्मलेल्या आणि बव्हेरियाच्या सेवेत मानमरातब मिळवलेल्या शास्त्रज्ञाने १७९६ साली दुसरा मार्ग दाखविला. चुलीची खोली कमी करा, बाजूच्या भिंती तिरप्या करा म्हणजे उष्णता खोलीत परावर्तित होईल, आणि धुराड्याचा गळा अरुंद करा म्हणजे धूर जाईल पण सारी गरम हवा ओढली जाणार नाही, एवढेच त्याचे सांगणे. गवंड्याने दोन-चार दिवसांत करावे असे काम. लंडनच्या खानदानी घरांत ही सुधारणा झपाट्याने पसरली.

इथवर वाचून आपल्याला वाटेल की पेच सुटला. घर उबदार झाले, धूर नळीतून आकाशात गेला. पण नळीत काय राहिले? काजळी. कोळशाची काजळी नळीत जाड थराने बसते. ती झाडली नाही तर धुराडे पेटते. म्हणून हिवाळ्याच्या तयारीत धुराडे झाडून घेणे हे एक ठरीव काम होऊन बसले. आणि या वेड्यावाकड्या नळ्या चौदा इंच लांब आणि नऊ इंच रुंद, कित्येकदा केवळ नऊ इंच चौरस. त्यांत मोठा माणूस शिरणे अशक्य. मग कोणाला घालायचे? लहान मुलाला.

पाच-सहा वर्षांची अनाथ किंवा कंगाल घरची मुले धुराडेवाल्याकडे उमेदवार म्हणून बांधली जात. कोपर आणि गुडघे टेकत ती अंधाऱ्या नळीत चढायची. कातडी सोलली की खारे पाणी चोळून, आगीशी धरून ती निबर केली जाई. रात्री काजळीच्या पोत्यांवरच झोप. काही नळीत अडकून गुदमरली. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शस्त्रवैद्याने दाखवून दिले, की पुढे मोठेपणी या मुलांना होणारा एक कर्करोग काजळीमुळे होतो. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो हे वैद्यकाने प्रथम ओळखले ते येथे. जोनास हॅन्वे या दयाळू व्यापाऱ्याने या मुलांसाठी वर्षानुवर्षे लेखणी झिजवली. त्याच्या मृत्यूनंतर, १७८८ साली, आठ वर्षांखालील मुलाला उमेदवार करू नये असा कायदा झाला. १८३४ साली दुसरा, १८४० साली तिसरा. त्यात एकवीस वर्षांखालील कोणालाही नळीत चढविण्यास मनाई केली. १८६४ साली दंड वाढविला. कायदे झाले, मुले चढतच राहिली. कारण घरधन्यांना आपले गालिचे मळायला नको होते, आणि लांब दांड्याच्या ब्रशापेक्षा मुलगा बरा झाडतो अशी त्यांची समजूत होती. अखेर १८७५ साली केंब्रिजजवळ फुलबर्न येथील रुग्णालयाचे धुराडे झाडताना जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा दगावला. लॉर्ड शॅफ्ट्सबरीने ते प्रकरण पार्लमेंटपुढे धरले, आणि त्याच वर्षी धुराडेवाल्यांना पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला. तेव्हा कुठे ही प्रथा मोडली. पहिल्या कायद्यापासून सत्त्याऐंशी वर्षे! दिवाणखान्यात चहा घेत बसलेल्या कुटुंबाला आपल्या उबेची किंमत कोण भरतो आहे, हे माहीत नव्हते असे नाही. ते भिंतीच्या आत होते, म्हणून दिसत नव्हते, इतकेच.

आणि आकाश? आकाशाला अंत नाही असे समजून दोन-तीनशे वर्षे धूर वर सोडला गेला. १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखेपर्यंत, लंडनच्या गार हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला. थंडी कडाक्याची, म्हणून घरोघर कोळसा अधिकच जळत होता. वारा नाही, म्हणून धूर जागचा हलेना. बसगाड्या थांबल्या, माणसाला स्वतःचे पाऊल दिसेना. त्या वेळी सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा अंदाज निघाला. पुढच्या संशोधकांनी तो आकडा दहा-बारा हजारांपर्यंत नेला. ज्या धुराला मधल्या चुलीवरून नळीत, नळीतून छपरावर, छपरावरून आकाशात हाकलले होते, तो सारा धूर पाच दिवसांसाठी परत घरी आला. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. ठराविक विभागांत धुराचे जळण बंद झाले आणि शेगड्या बदलायला अनुदान मिळाले. पुढे २०२३ साली तर इंग्लंडमध्ये घरगुती शेकोटीसाठी जुना दगडी कोळसा विकणेही बंद झाले. एडवर्ड राजाचे फर्मान अमलात यायला सातशे वर्षे लागली म्हणायची!

वाचकहो, ही परक्या मुलुखाची गोष्ट म्हणून बाजूला ठेवता येत नाही. आपल्या घरात थंडीसाठी नाही, तरी भाकरीसाठी आग पेटतेच, आणि चुलीपुढे नळीशिवाय, झरोक्याशिवाय बसणारी बाई मध्ययुगीन दालनातला धूर आपल्या काळातही गिळत आली आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी मातीची, धुराडे असलेली ‘मगन चूल’ तयार केली, ती याच चिंतेतून. १९८३ पासून सरकारने निर्धूर चुलींची देशव्यापी योजना राबविली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसच्या जोडण्या गेल्या. तरीही टाकी परवडत नाही तेथे चूल पुन्हा पेटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसांना अकाली मृत्यू आला. ही माणसे बहुतांशी गरीब देशांतली, आणि त्यांत बायका-मुले पुष्कळ. चूलपट्टीच्या कारकुनाला मोजता आल्या त्या चुली. चुलीपुढच्या छात्या मोजायला माणसाला फार उशीर लागला.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. कोळसा लाल झाला, धूर दिसेनासा झाला, म्हणजे तो गेला असे आपण समजतो. तो गेलेला नसतो. कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू त्यातून निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागेही करीत नाही. आपल्या देशात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. तेव्हा गोधडी आणखी एक घ्यावी, शेगडी निजण्यापूर्वी बाहेर काढावी, आणि ती खोलीत आहे तोवर वाऱ्याचा एक डोळा उघडा ठेवावा.